लांडगा रानात, फरक तळ्यात! अमेरिकेतल्या तीन जंगलांनी दाखवलेला पाण्याचा हिशेब

लांडग्यांनी नद्या कशा बदलल्या, हे सांगणारा एक छोटा इंग्रजी व्हिडिओ २०१४ साली यूट्यूबवर आला आणि जगभर पाहिला गेला. अजूनही कुणीतरी तो मधूनच ग्रुपवर टाकतं. गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या एका जंगलात सत्तर वर्षांनी लांडगे परत आणले. त्यांनी हरणं कमी केली, काठावरची झाडं वाढली, काठ घट्ट झाले आणि नदीनं आपली चाल बदलली. ऐकायला झकास आहे. पण पारावर बसून कुणी सांगितली तर निम्मे लोक हसतील. लांडग्याचा आणि पाण्याचा काय संबंध? लांडग्याचा संबंध शेळ्या-मेंढ्यांशी, हे आपल्याला पक्कं ठाऊक.

पण संबंध आहे. व्हिडिओत दाखवतात तेवढा सरळ नाही, एवढंच. आणि जो खरा संबंध आहे तो विहिरीवर आणि ओढ्यावर शेती करणाऱ्या माणसानं समजून घेण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

आधी बीव्हरची ओळख

ही गोष्ट समजायची तर मधल्या एका प्राण्याची ओळख हवी, कारण तो आपल्याकडे नाही. त्याचं नाव बीव्हर. उंदीर-घुशीच्या जातकुळीतला, पण वजन पंधरा ते तीस किलो, म्हणजे चांगल्या बोकडाएवढं. शेपूट चपटी, उलथन्यासारखी. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्या दातांनी हा गडी उभी झाडं कुरतडून पाडतो. साल आणि पाला खातो, आणि उरलेल्या फांद्या, ओंडके, दगड, चिखल घालून ओढ्यात आडवा बंधारा बांधतो. ना अंदाजपत्रक, ना ठेकेदार.

बंधारा कशाला? जमिनीवर बीव्हर संथ आणि बेढब आहे, कुणीही धरावं असा. पाण्यात मात्र तो सहसा हाती लागत नाही. म्हणून तो आपलं तळं आपणच तयार करतो. त्यात लाकडांचं घर, घराचं दार पाण्याखालून. नर, मादी आणि दोन वर्षांपर्यंतची पोरं असं कुटुंब एका तळ्यावर राहतं. पोरं दोन वर्षांची झाली की बहुतेक वेळा वसंत ऋतूत घर सोडून नवी जागा शोधायला निघतात. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अशा तळ्यानं काय होतं हे आपल्याला सांगायला नको. पाणी अडतं, गाळ बसतो, आजूबाजूच्या जमिनीत पाझर उतरतो. तळ्यात बेडूक, मासे, पाणकिडे, बदकं येतात. पश्चिम अमेरिकेतल्या मोठ्या वणव्यांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात उपग्रहाच्या चित्रांवरून असं दिसलं की, जिथे बीव्हरचे बंधारे होते तिथला ओढ्याकाठचा पट्टा वणव्यातही बऱ्यापैकी हिरवा राहिला, आणि बंधारे नसलेला पट्टा करपून गेला. मातीत ओल होती, एवढंच कारण.

फक्त एक अडचण आहे. हा बंधारा सिमेंटचा नाही. त्याला सतत डागडुजी लागते. कुठे गळती लागली की बीव्हर रात्रीत उठून चिखल लावतो. बीव्हर गेला की बंधारा जातो.

एक लांडगा, एक बीव्हर, एक तळं

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या हद्दीला लागून व्हॉयेजर्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९७५ साली ते झालं. त्याच्या एकूण क्षेत्रापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसतं पाणी आहे, आणि बीव्हर तिथे भरपूर. लांडगेही पूर्वीपासून आहेत, ते कुणी आणून सोडलेले नाहीत.

तिथे मिनेसोटा विद्यापीठाचे टॉम गेबल आणि त्यांचे सहकारी लांडग्यांच्या मागावर असतात. पद्धत अशी. लांडग्याला पकडून त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा घालतात. पट्टा दर वीस मिनिटांनी लांडगा कुठे आहे ते कळवतो. एखाद्या ठिकाणी लांडगा बराच वेळ थांबला असं दिसलं की ही माणसं तो तिथून गेल्यावर चालत जातात, झाडोरा तुडवत, डास अंगावर घेत, आणि जमिनीवर काय पडलंय ते पाहतात. केस, कवटी, दात, हाडाचे तुकडे. त्यावरून तिथे काय मारलं गेलं ते कळतं. पंचनामाच म्हणा.

या पंचनाम्यांतून बऱ्याच गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे लांडगा नेहमी टोळीनं धावून शिकार करतो, हे तिथे उन्हाळ्यात खरं नाही. बीव्हरसाठी तो एकटाच दबा धरून बसतो, तासन् तास. बीव्हरची नजर अधू असते, पण नाक तिखट. म्हणून लांडगा वारा आपल्याकडून बीव्हरकडे जाणार नाही अशी जागा धरतो, बीव्हरच्या पायवाटेच्या अगदी जवळ. (हेच लांडगे उन्हाळ्यात ब्लूबेरीची फळं खातात आणि ओढ्यात उतरून मासेही धरतात. मांस सोडून लांडगा दुसरं काही खात नाही असं समजणाऱ्यांसाठी ही माहिती.)

दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. २०१५ साली या लोकांना एका नव्या, लहान बंधाऱ्याजवळ लांडग्यानं मारलेला बीव्हर सापडला. तो एकटाच होता. घर सोडून नवी जागा धरायला आलेला. त्यानं बंधारा घालून पाणी अडवायला सुरुवात केली होती. तो मेल्यावर काही दिवसांतच बंधारा फुटला, कारण दुरुस्तीला कोणी उरलं नव्हतं. तळं रिकामं झालं आणि पुढे वर्षाहून अधिक काळ तिथे दुसरा बीव्हर आला नाही.

एका शिकारीनं एक तळं गेलं. त्याबरोबर त्यात पुढे होणारे बेडूक गेले, बदकांची जागा गेली, पाझर गेला, आणि पाण्यात बुडून जी झाडं वठली असती ती जगली. संशोधकांनी मग पुढची काही वर्षं अशी प्रकरणं मोजली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मुद्दा असा की जुन्या तळ्यावर भरलं कुटुंब असेल आणि लांडग्यानं त्यातला एक उचलला, तर तळ्याला काही होत नाही. बाकीचे दुरुस्ती करतात. पण एकटा-दुकटा, नव्यानं जागा धरणारा बीव्हर मारला तर तळं उभंच राहत नाही. म्हणजे किती बीव्हर मेले यापेक्षा कोणता आणि कुठे मेला, याला महत्त्व.

आपल्याकडे यासारखं काय, तर असं समजा की गावात दहा पाणीवाटप करणारे असतील आणि एक आजारी पडला तर भागतं. वस्तीवर एकच असेल तर त्या दिवशी पाणी बंद.

इथे अजून एक गोष्ट खटकण्यासारखी आहे आणि ती मुद्दाम सांगतो. व्हिडिओत लांडगा आला आणि पाणी वाढलं. इथे लांडग्यामुळे तळी कमी होतात, किंवा निदान कुठे व्हायची ते बदलतं. म्हणजे लांडगा पाण्याचा मित्र की शत्रू? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. लांडग्याला पाण्याशी देणंघेणं नाही, त्याला पोट भरायचं आहे. पण त्याचं पोट जिथे भरतं तिथलं पाणी बदलतं. जंगलात शंभर ओढे असतील तर त्यातल्या कोणत्यावर तळं होईल आणि कोणता ओढा वाहता राहील, हे थोडंफार त्याच्या दातांवर ठरतं. काही जागी साचलेलं पाणी, काही जागी वाहतं पाणी, काही जागी रिकाम्या झालेल्या तळ्यात उगवलेलं गवत. तीन ठिकाणी तीन वेगळ्या जातीचे जीव.

यलोस्टोनची खरी गोष्ट

आता व्हिडिओतलं जंगल. यलोस्टोन. १८७२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेलं. त्या काळी लांडगा म्हणजे नुकसान करणारं जनावर, म्हणून सरकारनंच मारायची मोहीम काढली. १९२६ पर्यंत तिथले लांडगे संपले.

मग एल्क माजले. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखंच, पण त्याहून थोराड हरीण. हिवाळ्यात बर्फ पडलं की खायला फार नसतं, तेव्हा हे कळप ओढ्याकाठच्या विलोवर तुटून पडत. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या जातीचं झुडूप. तेच बीव्हरचं खाणं आणि तेच त्याचं बांधकामाचं सामान. एल्कनी विलो बोनसाय करून टाकले. सामान संपलं. १९२०च्या दशकात तिथल्या उत्तर भागातल्या ओढ्यांवर बीव्हर पुष्कळ होते, १९५०च्या दशकापर्यंत ते जवळजवळ दिसेनासे झाले.

बंधारे गेले. आणि बंधारे गेल्यावर ओढ्यांचं काय झालं हे सांगायला मला अमेरिकेत जायची गरज नाही, आमच्या शिवारातला ओढा पुरेसा आहे. आधी ओढा पसरट वाहायचा, पाय बुडेल एवढा, काठाला हिरवळ. अडवणारं काही राहिलं नाही की पाणी जोरात पळतं, तळ खरवडतं आणि ओढा खोल जातो. आमच्याकडे वाळू उपशानं तो पुरुषभर खोल गेला, यलोस्टोनला बंधारे गेल्यानं गेला. परिणाम एकच. ओढ्याचा तळ खाली गेला की शेजारच्या जमिनीतलं पाणी त्याच्या मागोमाग खाली जातं. काठावरची विहीर आधी दिवाळीनंतर पाणी टिकवायची, ती आता आधीच तळ दाखवते. तिथे विहिरी नाहीत, तिथे विलोची मुळं आहेत. मुळांना पाणी पोहोचेना.

१९९५ आणि १९९६ या दोन हिवाळ्यांत कॅनडातून ३१ लांडगे आणून यलोस्टोनमध्ये सोडले. पुढे एल्क कमी झाले. उत्तरेकडच्या कळपात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास १९ हजार एल्क होते, २०१३ पर्यंत ते पाच हजारांच्या खाली आले. पण हे एकट्या लांडग्याचं काम नाही. अस्वलं वाढली होती, पुमा होते, उद्यानाच्या हद्दीबाहेर माणसं बंदुकीनं शिकार करत होती, मध्ये दुष्काळही पडला. व्हिडिओत हे येत नाही.

काही ओढ्यांवर विलो खरंच वाढले, बीव्हरही परतले. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचे विल्यम रिपल आणि रॉबर्ट बेश्टा यांनी हे बरीच वर्षं मोजलं आहे आणि शिकारी परत आल्याचा फायदा ठळक आहे असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या टॉम हॉब्स, डेव्हिड कूपर वगैरे मंडळींनी एक साधा पण फार हुशारीचा प्रयोग केला. मला तो सगळ्यात जास्त आवडला, कारण तो शेतकऱ्याच्या डोक्याचा प्रयोग आहे.

२००१ साली त्यांनी ओढ्याकाठचे काही तुकडे निवडले. काहींना तारेचं कुंपण घातलं, म्हणजे एल्क शिरू नये. काहींच्या शेजारी ओढ्यात बीव्हरसारखे बंधारे स्वतः घातले, म्हणजे जमिनीतलं पाणी वर यावं. काहींना दोन्ही केलं, काहींना काहीच नाही. मग थांबले. एक-दोन वर्षं नाही, वीस वर्षं.

नुसतं कुंपण घातलेल्या तुकड्यात, जिथे एल्कचं तोंडही लागत नव्हतं, तिथेसुद्धा विलो फारसे उंच झाले नाहीत. कुंपण आणि बंधारा दोन्ही होतं तिथे ते तरारून आले. अर्थ सरळ आहे. खाणारं जनावर दूर ठेवलं तरी जमिनीत पाणीच नसेल तर झाड वाढणार कशावर? आणि झाड नाही तर बीव्हर येत नाही, बीव्हर नाही तर बंधारा नाही, बंधारा नाही तर पाणी वर येत नाही. फिरून तिथेच. लांडगा काढून टाकल्यानं हे चक्र बिघडलं, पण लांडगा परत आणल्यानं ते आपोआप सुरळीत झालं नाही. बिघडायला वीस-तीस वर्षं पुरली, दुरुस्त व्हायला तेवढी वर्षं पुरेना. त्या वीस वर्षांचे निष्कर्ष २०२४ साली छापून आले.

पहिल्यांदा शास्त्रज्ञांमध्ये अशीही एक कल्पना जोरात होती की, लांडग्याच्या नुसत्या भीतीनं एल्क ओढ्याकडे फिरकत नाहीत आणि त्यामुळे झाडं वाचतात. पुढच्या अभ्यासांत भीतीचा तेवढा जोर दिसला नाही. पोटाला लागलं की जनावर धोका पत्करतं. आपली गुरं नाही का, मार खाऊनही हरभऱ्यात शिरतात.

बेटावरचा तिसरा प्रकार

एक ठिकाण असं आहे जिथे हे सगळं जणू परातीत मांडल्यासारखं दिसतं. लेक सुपीरियर नावाच्या प्रचंड सरोवरात आयल रॉयल हे बेट आहे. तिथे मूस नावाचं, बैलाहून उंच हरीण आणि लांडगे असे दोघे राहतात आणि १९५८ पासून दोघांची मोजदाद चालू आहे.

लांडगे तिथे १९४०च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. पुढे हिवाळ्यात बर्फाचा पूल बनणं कमी झालं, बाहेरून नवं रक्त येईना, आपापसांतच पैदास होऊन लांडगे खंगत गेले. शेवटी दोन उरले, तेही एकमेकांचे जवळचे नातलग. त्याच काळात मूस वाढत वाढत दोन हजारांच्या घरात गेले.

याचा पाण्याशी संबंध असा की मूस उन्हाळ्यात तळ्यात उतरतं. पाण्यातल्या वनस्पतींत मीठ जास्त असतं आणि त्याला ते हवं असतं, त्यासाठी ते डोकं पाण्याखाली घालून चरतं. तळ्यात खातं आणि लेंडी टाकतं रानात. म्हणजे तळ्यातलं खत उचलून जमिनीवर नेऊन टाकणारी ही वाहतूकच झाली. मूस किती आहेत यावर ही वाहतूक ठरते, आणि मूस किती राहणार हे बऱ्याच अंशी लांडग्यांवर. लांडगे घटल्यावर बेटावर बीव्हरही वाढले, त्यांची तळीही वाढली. व्हॉयेजर्समध्ये जे एकेका शिकारीतून दिसलं तेच इथे सबंध बेटावर उलट बाजूनं दिसलं.

२०१८ आणि २०१९ मध्ये उद्यानानं बाहेरून १९ लांडगे आणून बेटावर सोडले. ते रुळले, पिल्लं झाली, आणि मूसची संख्या पुढच्या वर्षांत उतरत गेली.

आपल्या ओढ्याला काय लागू होतं

आपल्याकडे बीव्हर नाही आणि एल्कही नाही, त्यामुळे ही गोष्ट उचलून जशीच्या तशी इथे चिकटवता येत नाही. सोलापूर, नगर, पुणे या भागांतल्या माळरानावरचा लांडगा हरणं, ससे आणि मेंढपाळाची कोकरं यांवर जगतो, तो आपल्या विहिरीचं पाणी वाढवेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मेंढपाळाच्या नुकसानीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खरा आहे.

लागू होतं ते मधलं गणित. ओढ्याकाठी चरणाऱ्या तोंडांवर लगाम हवा आणि ओढ्यात पाणी अडवणारं काहीतरी हवं, दोन्ही एकाच वेळी. तिकडे पहिलं काम लांडगा करत होता आणि दुसरं बीव्हर. इकडे दोन्ही कामं माणसाच्या गळ्यात आहेत. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९९०च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, आणि त्याच्या जोडीला समतल चर, माती बंधारे असं पाणी अडवायचं काम केलं. दोन्ही एकत्र केलं हे विशेष. यलोस्टोनच्या त्या प्रयोगातला तिसरा तुकडा म्हणजे कुंपण अधिक बंधारा, तो आणि हिवरे बाजार यांत मला फार फरक दिसत नाही.

बऱ्याच गावांत मात्र यातलं एकच होतं. बंधारा बांधतात, फोटो निघतो, आणि काठावर वर्षभर जनावरं मोकळी. काठ उघडा पडतो, पावसाळ्यात माती सुटते आणि तीन-चार वर्षांत बंधारा गाळानं भरतो. किंवा झाडं लावतात, पण ओढा इतका खोल गेलेला असतो की मार्चमध्ये रोपाच्या मुळाला ओल मिळत नाही. मग रोपवाटिकेवर खापर. रोप बिचारं काय करणार!

ज्यांच्या शेताला ओढा लागून आहे त्यांनी एवढं करून पाहायला हरकत नाही. पाऊस ओसरला पण ओढ्याला धार आहे तेव्हाच सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, आणि डागडुजीला आठवड्यातून एक फेरी मारायची. बीव्हर रोज मारतो. वाळुंज अजून कुठे नदीकाठी असेल तर त्याची हाताच्या अंगठ्याएवढी जाड ओली काडी आणून पावसाळ्यात बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, ओल टिकते तिथे रोवायची. ती सहज मुळं धरते. फक्त पहिली दोन वर्षं तिच्याभोवती बोरी-बाभळीचा काटा हवा, नाहीतर आपल्याच शेळ्या ती शेंड्यापासून खातात.